कोरियातील तॉक आणि त्याचे वाटेकरी

कोरियन द्वीपकल्पात तांदूळ अथवा अन्य धान्य दळून, वाफवून, कुटून, भाजून किंवा उकळून केल्या जाणाऱ्या पदार्थांच्या एका मोठ्या कुळाला ‘तॉक’ असे सामान्य नाव असून, जोसॉन राजवटीच्या काळातील (१३९२–१९१०) पाकग्रंथांतून व दरबारी नोंदींतून या कुळातील सुमारे दोनशे प्रकारांची नावे अभ्यासकांनी वेचून काढली आहेत. एवढ्या वैविध्याचे श्रेय सहसा कोरियन गृहिणींच्या कल्पकतेला दिले जाते आणि ते अनाठायी नाही. परंतु कोणता तॉक कोणत्या तिथीला करायचा, तो कोणत्या रंगाचा असायचा आणि त्यातला वाटा कोणाच्या दारी पोहोचवायचा, यासंबंधीचे संकेत तपासू लागले की या वैविध्यात जिभेपेक्षा विधींचा आणि वाटपाचा हात मोठा असल्याचे लक्षात येते. ज्या देशात शतकानुशतके बहुसंख्य लोकांना रोज पोटभर तांदूळ मिळत नव्हता, तेथे तांदूळ भिजवून, दळून त्याचे पक्वान्न करणे हा मुळातच विशेष प्रसंग होता, आणि विशेष प्रसंगाचे अन्न एकट्याने खायचे नसते.

या इतिहासाचा आरंभ एका भांड्यात आहे. तळाला भोके पाडलेले, रुंद तोंडाचे मातीचे वाफवण्याचे भांडे कोरियात ‘सिरू’ म्हणून ओळखले जाते. पाणी उकळत असलेल्या दुसऱ्या भांड्यावर ते बसवायचे, तळाशी विणलेली चकती घालायची आणि तिच्यावर धान्य किंवा पीठ पसरायचे, अशी त्याची साधी रीत आहे. ईशान्य किनाऱ्यावरील नाजिनजवळच्या चोदो येथे शिंपल्यांच्या प्राचीन ढिगात कांस्ययुगातील सिरू मिळाले आहे, तर आज उत्तर कोरियात असलेल्या ह्वांगहे प्रदेशातील आनाक येथील तिसऱ्या क्रमांकाच्या थडग्यात, जेथील लेखात इसवी सन ३५७ हे वर्ष सापडते, स्वयंपाकघराचे एक भित्तिचित्र आहे: चुलीवर भले मोठे सिरू चढवलेले, त्यापाशी डाव घेऊन उभी असलेली स्त्री आणि शेजारच्या कोठीत टांगलेले मांस. त्या सिरूत तॉकच शिजत होता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण त्या काळी अख्खे धान्यही असेच वाफवले जाई. साधारणपणे मान्य असलेले मत असे की, मातीच्या कच्च्या भांड्यात धान्य उकळले तर त्याची पेज होई आणि तिला मातीची चव लागे, म्हणून वाफवणे हीच रोजची रीत होती; पुढे तीन राज्यांच्या कालखंडात लोखंडी कढया प्रचारात आल्या, झाकण लावून मोकळा भात शिजवता येऊ लागला आणि रोजच्या ताटातून सिरू हळूहळू मागे सरले. मात्र देवांच्या आणि पितरांच्या पुढ्यातून ते सरले नाही. विधी हे नेहमीच जुन्या रीतीला चिकटून राहतात, आणि तॉकचे पुढचे सारे आयुष्य या एका गोष्टीने ठरवले.

लिखित साधनांत तॉक प्रथम भेटतो तो राजकारणाच्या संदर्भात. किम बु-सिक याने ११४५ मध्ये सिद्ध केलेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात सिल्ला राज्याच्या गादीचा प्रश्न कसा सुटला याची कथा आहे: युरी आणि ताल्हे हे दोघेही एकमेकांना मान देऊन मागे हटू लागले, तेव्हा ज्याला दात अधिक तो शहाणा या समजुतीने दोघांनी तॉक चावून त्यावर उमटलेले दातांचे ठसे मोजले आणि युरी राजा झाला. ही घटना इसवी सनाच्या पहिल्या शतकातली म्हणून सांगितली असली तरी ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही; तिच्यातून कळते ते एवढेच की बाराव्या शतकातील इतिहासकाराला दाताचा ठसा धरून ठेवील असा घट्ट, चिकट पदार्थ प्राचीन राजगृहात असणे स्वाभाविक वाटत होते. त्याच ग्रंथातील बॅकग्यॉल या दरिद्री वादकाची हकीकत अधिक बोलकी आहे. वर्षअखेरीस शेजारपाजारच्या घरांतून धान्य कांडण्याचा आवाज येऊ लागला आणि आपल्या घरी कांडायला दाणा नाही म्हणून पत्नी खंतावली, तेव्हा त्याने आपल्या तंतुवाद्यावर कांडणाचा आवाज काढून तिची समजूत घातली. नववर्षासाठी धान्य कांडणे ही त्या समाजात प्रत्येक घराकडून अपेक्षित असलेली गोष्ट होती आणि ती न करू शकणे ही चारचौघांत जाणवणारी उणीव होती, याचा हा पुरावा वरच्या दंतकथेपेक्षा मोलाचा आहे.

तेराव्या शतकात इर्यॉन या बौद्ध भिक्षूने संकलित केलेल्या ‘सामगुक युसा’मध्ये गाया राज्याचा मूळपुरुष सुरो याच्या श्राद्धविधीत मद्य, भात, चहा व फळांबरोबर तॉकही वाहिला जात असल्याचे नमूद आहे. हाच तो सुरो, ज्याची राणी हॉ ह्वांग-ओक ही ‘आयुता’ नावाच्या दूरदेशाहून समुद्रमार्गे आली असे तोच ग्रंथ सांगतो. आयुता म्हणजे अयोध्या असे अनेक कोरियन मानतात आणि अयोध्येत तिचे स्मारकही उभारले गेले आहे, इतिहासकार मात्र या समीकरणाबाबत साशंक आहेत. गोर्यॉ राजवटीत (९१८–१३९२) बौद्ध धर्माला राजाश्रय मिळाल्याने मांसाहार कमी झाला, चहापानाला प्रतिष्ठा आली आणि त्यासोबत खायच्या गोड पदार्थांना बहर आला. मंगोल प्रभावाच्या काळात गव्हाच्या पिठाचे, आंबवून फुगवलेले ‘सांगह्वा’ हे सारणभरले गोळे कोरियात आले आणि तॉकच्या पंक्तीत जाऊन बसले, यावरून या कुळाची दारे परक्यांना बंद नव्हती हे दिसते.

प्रकारांचा विचार करण्यापूर्वी कृतीकडे जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण बहुतेक भेद तेथेच जन्मतात. कोरियात तांदळाच्या दोन जाती काटेकोरपणे वेगळ्या मानल्या जातात: रोजच्या भाताचा ‘मेप्सल’ आणि शिजल्यावर अतिशय चिकट होणारा ‘चाप्सल’. तांदूळ रात्रभर भिजवून, निथळून, पायाने दाबून चालवायच्या उखळात कांडला जाई आणि त्याची ओलसर पिठी मीठ घालून चाळली जाई. नंतरचे काम कसबाचे असे. पिठीवर थोडे थोडे पाणी शिंपडून ते दोन्ही तळव्यांत चोळून मुरवायचे, मूठभर पिठी घट्ट दाबायची आणि तळहातावर हलकेच उडवून पाहायची. गोळा फुटला तर पाणी कमी, जसाच्या तसा राहिला तर पुरेसे, असा हिशेब. यानंतर पिठी पुन्हा चाळून सिरूत भुरभुरायची, दाबायची नाही, कारण कणांमधल्या मोकळ्या जागेतूनच वाफ वर चढते. सिरू आणि खालचे भांडे यांच्यामधली फट पिठाच्या कणकेची वळी लावून बुजवली जाई. ही वळी सुटली तर वाफ बाहेर जाऊन तॉक मध्येच कच्चा राही, आणि देवासाठी केलेला तॉक कच्चा राहणे हा अपशकुन समजला जाई. चाप्सलची पिठी वाफ लागताच लिबलिबीत होऊन वाफेची वाट अडवते, म्हणून तिचे पातळ थर देऊन मध्ये शिजवलेल्या कडधान्याचा भरड चुरा पसरण्याची युक्ती निघाली. थराथरांचा ‘सिरूतॉक’ दिसायला देखणा आहे, पण त्याचे थर शोभेसाठी जन्मले नाहीत.

नुसती मेप्सलची पिठी एकसंध वाफवली की पांढराशुभ्र, जाळीदार ‘बॅकसॉल्गी’ होतो. चाप्सल वाफवून जाड लाकडी पाटावर घ्यायचा, दोन पुरुषांनी आळीपाळीने मोगरीचे घाव घालायचे आणि एका स्त्रीने घावांच्या मधल्या क्षणात ओल्या हाताने गोळा उलटायचा, अशा कष्टातून ‘इन्जॉल्मी’ तयार होतो. त्याचे तुकडे भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवतात. मेप्सलही असाच कुटून लांब वळला की ‘गारेतॉक’ होतो, आणि चपटा करून त्यावर ठसा उमटवला की ‘जॉलप्यॉन’. हे ठसे लाकडाचे किंवा चिनी मातीचे असत, त्यांवर फुले, मासे, चाकाची नक्षी किंवा दीर्घायुष्याची चिनी अक्षरे कोरलेली असत. उकळत्या पाण्यात शिजवून पिठात घोळवलेल्या गोळ्यांना ‘ग्यॉंगदान’ म्हणतात, तर तव्यावर तेलात भाजलेल्या, वर खरी फुले चिकटवलेल्या चकत्यांना ‘ह्वाजॉन’. उन्हाळ्यात पिठी लवकर आंबते हा दोष गुण करून घेत ‘माक्कॉल्ली’ या तांदळाच्या मद्याने मुद्दाम आंबवलेला ‘जुंगप्यॉन’ त्या ऋतूत केला जाई, आणि तो खरोखरच अधिक दिवस टिके.

जोसॉन राजवटीने कन्फ्यूशियस विचाराला राज्याचा पाया केले आणि जन्म, विवाह, षष्ट्यब्दी, श्राद्ध या प्रसंगांचे विधी घरोघरी बांधील ठरले, तेव्हा तॉकची मागणी व त्याचे प्रकार दोन्ही वाढले. १६११ मध्ये हद्दपारीत असताना हॉ ग्युन याने देशभरच्या उत्तम खाद्यपदार्थांची आठवणीने जी यादी लिहिली, तीत राजधानीतील तॉक ऋतुवार दिले आहेत. मात्र खरे ज्ञान स्त्रियांकडे होते, आणि ते कागदावर आणण्याचे कामही त्यांनीच केले. ग्यॉंगसांग प्रांतातील जांग ग्ये-ह्यांग (१५९८–१६८०) या विदुषीने १६७० च्या सुमारास, सत्तरी ओलांडल्यावर, कोरियन हांगुल लिपीत ‘उमसिक दिमिबांग’ हा पाकग्रंथ लिहिला आणि शेवटी मुलींना बजावून ठेवले की नक्कल हवी तर करून न्या, पण मूळ पोथी घराबाहेर नेऊ नका. १८०९ मध्ये यी बिंगहॉगाक हिने रचलेल्या ‘ग्युहाप चोंगसॉ’ या गृहज्ञानकोशात तॉकच्या कृती अधिक श्रीमंत झाल्या आहेत; त्यांत वाळवलेल्या पर्सिमनची पूड, दालचिनी, मध आणि चिलगोजे सढळ हाताने पडतात. दरबारात यावर कडी केली जाई. राजाच्या वाढदिवसाला होणाऱ्या ‘दुतॉप’मध्ये चाप्सलच्या पिठीला सोया सॉस व मध चोळून, सिरूत तिच्या लहान लहान ढिगल्या मांडून, प्रत्येकीत चेस्टनट, लाल बोरे, चिलगोजे आणि ‘युजा’ या सुवासिक लिंबाचे सारण ठेवून वर भाजलेल्या अझुकीचा भुरका घातला जाई. अझुकी म्हणजे कोरियात सर्वत्र वापरले जाणारे लहान, तांबडे कडधान्य. १७९५ मध्ये जॉंगजो राजाने आपल्या आईची षष्ट्यब्दी ह्वासॉंग, म्हणजे आजचे सुवॉन, येथे साजरी केली, त्या सोहळ्याच्या दरबारी दप्तरात ताटांवर रचलेल्या पदार्थांच्या राशींची उंची आणि त्यांना लागलेली सामग्री कारकुनी काटेकोरपणे लिहिलेली आहे.

सामान्यांचा तॉक चांद्र पंचांगाने चाले, आणि त्याची सर्वांत तपशीलवार नोंद हॉंग सॉक-मो याच्या १८४९ मधील ‘दोंगगुक सेसिगी’ या सणवारांच्या ग्रंथात सापडते. नववर्षाच्या सॉल्लाल सणाला गारेतॉकच्या नाण्यांसारख्या चकत्या कापून गोमांसाच्या किंवा फेझंट या रानपक्ष्याच्या रश्श्यात शिजवत. या ‘तॉकगुक’चा वाडगा खाल्ल्याशिवाय वय वाढत नाही, असे मानले जाई आणि म्हणून वय विचारताना किती वाडगे झाले असे विचारले जाई. फेझंट न मिळाल्यास कोंबडी घालत, आणि दुधाची तहान ताकावर भागवण्याच्या अर्थाची म्हण कोरियनमध्ये या अदलाबदलीवरच प्रचलित आहे. उत्तरेकडील गेसॉंग या गोर्यॉच्या जुन्या राजधानीत तॉकगुकसाठी मध्ये आवळलेले छोटे गोळे करतात. जोसॉनचा संस्थापक यी सॉंग-गे याचा गळा आवळण्याची इच्छा त्यातून व्यक्त होते असे सांगतात, पण ही कथा आकारावरून मागाहून रचलेली वाटते. तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला अझेलियाच्या फुलांचा ह्वाजॉन, पाचव्या महिन्याच्या पंचमीला, दानो सणाला, रानातल्या सुरिच्वी पाल्याचा हिरवा आणि चाकाच्या ठशाचा तॉक, नवव्या महिन्याच्या नवमीला शेवंतीचा ह्वाजॉन, असे वर्ष सरकत जाई.

या सणांत दुसऱ्या महिन्याची प्रतिपदा वेगळी आहे. पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला अंगणातल्या उंच काठीला बांधलेली धान्याची कणसे त्या दिवशी उतरवून त्यांचे ‘सोंगप्यॉन’ करीत आणि घरातल्या दासांना प्रत्येकाच्या वयाइतके देत. शेतीची कामे सुरू होण्याच्या तोंडावर येणारा हा मान होता आणि कामाची आगाऊ उचलही. चालीरीतींच्या वर्णनांत अशी प्रथा सहसा मालकांच्या औदार्याची खूण म्हणून येते, परंतु वयाच्या हिशेबाने मोजून दिलेले तॉक हे कोणाच्या वाट्याला वर्षातून एकदाच मोजून तांदूळ येतो, याचीही नोंद आहे.

सोंगप्यॉनचा खरा सण मात्र आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा, चुसॉकचा, जी आपल्याकडील भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमेच्या सुमारास येते. नव्या तांदळाची पिठी गरम पाण्यात मळायची, लिंबाएवढ्या गोळीची वाटी करून तीत तीळ, अझुकी, चेस्टनट किंवा ओले सोयाबीन भरायचे, अर्धचंद्रासारखी कड मिटायची आणि सिरूत पाइन वृक्षाच्या सुयांसारख्या पानांचे थर देऊन वाफवायचे. उकडीचे मोदक करणाऱ्या मराठी हाताला ही रीत परकी वाटणार नाही. फरक एवढाच की हळदीच्या पानाच्या जागी पाइनची पाने येतात, त्यांचे ठसे तॉकवर उमटतात आणि त्यांच्या अर्कामुळे तो लवकर विटत नाही. सुबक सोंगप्यॉन वळणाऱ्या मुलीला सुंदर कन्या होते, ही समजूत घरातल्या सर्वांना कामाला बसवण्यास फार उपयोगी पडत असावी.

जन्मापासूनच्या संस्कारांत वाटपाचे नियम सर्वांत स्पष्ट दिसतात. बाळाच्या एकविसाव्या दिवशी केलेला बॅकसॉल्गी घराच्या उंबरठ्याबाहेर जात नसे, कारण बाळ अद्याप जन्मदेवता सामसिनच्या रक्षणाखाली समजले जाई; शंभराव्या दिवशी नेमके उलट होई, तोच पांढरा तॉक शंभर घरी वाटला तर बाळ दीर्घायुषी होते असे मानत, आणि ज्या घरी वाटा जाई ते घर भांडे न धुता, त्यात दोऱ्याची लड किंवा तांदूळ घालून परत पाठवी. पांढऱ्याच्या जोडीला ज्वारीचे, अझुकीत घोळवलेले तांबडे ग्यॉंगदान असत, कारण तांबडा रंग अरिष्ट दूर ठेवतो अशी श्रद्धा होती, आणि मूल दहा वर्षांचे होईपर्यंत दर वाढदिवसाला ते करण्याची चाल होती. हाच रंग श्राद्धात वर्ज्य ठरे: जो रंग भुतांना पळवतो तो पितरांनाही येऊ देणार नाही, म्हणून श्राद्धाच्या तॉकवर अझुकीची तांबडी साल काढून टाकत किंवा मूग व काळे तीळ वापरत. दहाव्या महिन्यात पिके घरात आल्यावर ‘गोसा’ नावाच्या गृहदेवतांच्या पूजेत मात्र तांबडा सिरूतॉक सिरूसकट घराच्या देवापुढे, चुलीपुढे आणि परसात ठेवला जाई आणि नंतर आळीत वाटला जाई. विवाहात वराकडून येणारी भेटींची पेटी वधूच्या घरी सिरूवर ठेवून स्वीकारत. त्या सिरूतील तॉकचे थर दोनच असत आणि वर मधोमध सात लाल बोरे मांडलेली असत.

भातशेती जेथे पोहोचली नाही तेथे तॉकनेही धान्य बदलले. ज्वालामुखीच्या सच्छिद्र मातीमुळे पाणी न टिकणाऱ्या जेजू बेटावर राळ्याच्या पिठाचा, मध्ये भोक असलेला, उकळून काढलेला ‘ओमेगी तॉक’ होई, आणि तोही मुख्यतः मद्य आंबवण्यासाठी. आज त्याच नावाने विकले जाणारे, अझुकीने मढवलेले हिरवट गोळे हे पर्यटकांच्या काळातील रूप आहे. डोंगराळ गांगवॉन प्रांतात बटाट्याच्या सत्त्वाचे करडे, अर्धपारदर्शक सोंगप्यॉन करतात. दक्षिणेतील यॉंगग्वांग येथे रॅमी या धाग्याच्या झाडाची पाने पिठात कांडून गर्द हिरवे, मोठे सोंगप्यॉन करण्याची रीत आहे.

विसाव्या शतकाने या व्यवस्थेवर दुहेरी घाव घातला. जपानी वसाहतीच्या काळात १९२० पासून तांदळाचे उत्पादन वाढवण्याची योजना राबवली गेली, पण वाढीव तांदूळ जपानकडे गेला. कोरियनांच्या वाट्याचा तांदूळ उलट घटला आणि मांचुरियातून येणाऱ्या भरड धान्यावर भागवावे लागले. राजवाडा ओस पडल्यावर बाहेर पडलेल्या दरबारी स्त्रियांनी सोलच्या नाकवॉन-दोंग भागात तॉक विकून पोट भरले आणि त्यातून तेथील तॉकची दुकाने उभी राहिली, असे सांगितले जाते. युद्धोत्तर दक्षिण कोरियात अमेरिकी मदतीचा गहू आला आणि सरकारने तांदूळ वाचवण्यासाठी मिश्र धान्य व गव्हाचा आग्रह धरला. १९६९ मध्ये तर आठवड्यातील दोन दिवस उपाहारगृहांत दुपारच्या वेळी तांदूळ देण्यास बंदी झाली, आणि १९७३ च्या कौटुंबिक विधींसंबंधीच्या कायद्याने समारंभातील पाहुणचारावरही निर्बंध आणले. गव्हाच्या स्वस्त गारेतॉकने याच काळात शहरी गल्ल्या जिंकल्या. एकोणिसाव्या शतकाअखेरच्या पाकग्रंथात सोया सॉस व मांस घालून केलेला, खानदानी घरांतला म्हणून दिसणारा ‘तॉकबोक्की’ १९५३ नंतर सोलच्या सिंदांग-दोंगमध्ये तिखट मिरचीच्या गोचुजांग सॉसमध्ये न्हाऊन शाळकरी मुलांचे खाणे झाला. १९७२ पासून शेतांत आलेल्या ‘तोंगिल’ या अधिक उत्पन्नाच्या वाणाने दशकाअखेरीस देश तांदळात स्वयंपूर्ण झाला, पण तो तांदूळ कमी चिकट असल्याने लोकांना फारसा रुचला नाही.

तांदूळ मुबलक झाला तोवर घरातले सिरू अडगळीत गेले होते आणि तांदूळ भिजवून वस्तीतल्या ‘बांगआत्गान’ या गिरणीत न्यायचा व तयार तॉक घेऊन यायचा, ही रीत रुळली होती. पुढे तेही कमी होऊन थेट दुकानात मागणी नोंदवणे सुरू झाले. १९७० मध्ये दरडोई वर्षाला १३६.४ किलो असलेला तांदळाचा खप २०२० मध्ये ५७.७ किलोवर आला, आणि आता सरकारला चिंता आहे ती तांदूळ संपवायचा कसा याची. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण कोरियाने ‘तॉक बनवणे’ हे राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून घोषित केले; एरवी अशा वारशासाठी एखादी व्यक्ती किंवा संस्था जतनकर्ती म्हणून नेमली जाते, येथे मात्र ही विद्या देशभर सर्वांकडे असल्याने कोणालाच नेमले नाही. नव्या घरात राहायला गेलेले कुटुंब आजही तांबडा सिरूतॉक मागवते, परंतु त्याचे तुकडे दुकानातूनच एकेका घरापुरते प्लास्टिकमध्ये बांधून येतात आणि ते वरच्या, खालच्या व समोरच्या दारी देऊन झाले की परत करायला भांडे उरत नाही.